फायबरचं काँक्रीट फोडून परत नवीन काँक्रीटमध्ये कसं वापरायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत

कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल फाइव्ह स्टार, कुठल्याबी एमआयडीसीत जावा, गेल्या काही वर्षांत बांधलेल्या बऱ्याच शेडमध्ये ट्रिमिक्स फ्लोअर (व्हॅक्यूमनं जास्तीचं पाणी ओढून काढलेलं काँक्रीट) दिसतंय आणि त्यातल्या कितीतरी फ्लोअरमध्ये जाळीच्या ऐवजी स्टील फायबर, म्हणजे काँक्रीटमध्ये मिसळलेले बारीक तारेचे तुकडे, टाकलेलं असतंय. आता शेड वाढवायचं, मशीनचं फाउंडेशन बदलायचं, नवीन फर्नेस बसवायची म्हणून तेच फ्लोअर फोडायची वेळ येते आणि राडारोड्याचे डंपर कुठल्यातरी ओढ्याच्या कडेला जाऊन पडतात. साधं काँक्रीट असेल तर निदान भरावाला तरी कुणी मागून नेतं, पण फायबरवालं म्हटलं की "नको बाबा, टायर फुटतात" म्हणून तेवढंही होत नाही. हा माल वाया घालवण्यासारखा अजिबात नाही, म्हणून सगळं एका जागी सविस्तर लिहितोय.

आधी मुख्य मुद्दा सांगतो. फायबरमुळं जुन्या काँक्रीटची खडी खराब होत नाही, वेगवेगळं फायबर एका ढिगात मिसळलं की खराब होते. स्टीलवालं वेगळं, प्लास्टिकवालं वेगळं, काचेचं वेगळं, एवढं जर तोडायच्या आधी केलं तर पुढचं काम सरळ आहे. एकदा मिक्स झालं की कितीबी भारी क्रशर आणा, माल लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटच्या पुढं जात नाही.

पहिलं काम: फायबर कुठलं आहे ते ओळखा

ड्रॉइंग किंवा जुनं बिल मिळालं तर उत्तमच, पण बहुतेक वेळा मिळत नाही. मग फ्लोअरच्या कोपऱ्यातनं एक तुकडा घनानं फोडायचा आणि फुटलेली बाजू उजेडात धरून बघायची. साधं काँक्रीट फुटलं की दोन तुकडे वेगळे होतात, फायबरवाल्यात तडा जातो तरी तुकडे एकमेकांना धरून राहतात आणि तड्यातनं फायबर दिसतात. स्टील असेल तर लोहचुंबकाला लगेच चिकटतंय, साधारण ३५ ते ६० मिमी लांब, टोकाला हूक असतो. नीट बघा, ओढून बाहेर निघालेल्या फायबरचा हूक सरळ झालेला असतो, कारण तडा जाताना त्यानं काँक्रीटमधनं घासत बाहेर येऊन मार खाल्लेला असतो. हे लक्षात ठेवा, खाली परत लागणार आहे.

प्लास्टिकमध्ये दोन प्रकार. एक मायक्रो, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टरचे केसाएवढे बारीक धागे, १२ मिमीच्या आसपास, जे आपल्याकडं सिमेंटच्या पोत्यामागं १२५ ग्रॅमची पुडी टाकतात ते. दुसरा मॅक्रो, जाड, ४० ते ६० मिमी, स्टीलच्या ऐवजी वापरतात. चुंबकाला दोन्ही चिकटत नाहीत आणि काडी पेटवून धरली की वितळतात. काचेचं फायबर जास्त करून एलिव्हेशनच्या (दर्शनी बाजूच्या) जीआरसी, म्हणजे काचेचं फायबर घातलेल्या काँक्रीटच्या पॅनेलमध्ये, जाळ्यांमध्ये, डिझाइनच्या खांबांमध्ये असतंय, फोडल्यावर पांढऱ्या बारीक दोऱ्यांचा गुच्छ दिसतो, आणि तो जळत नाही. हात लावला की खाज सुटते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या शेडवरचे सिमेंटचे पत्रे, त्यांनाही लोक फायबर सिमेंट म्हणतात, ते या कामात आणायचेच नाहीत. त्यात बहुतेक करून अॅस्बेस्टॉस असतंय, आणि ते क्रशरमध्ये घातलं तर जी धूळ उडेल ती फुप्फुसात गेल्यावर कॅन्सरपर्यंत त्रास होतो, आणि तोही वीस-तीस वर्षांनी कळतो. पत्रे फोडायचे नाहीत, ओले करून अख्खे उतरवायचे, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत एजन्सीकडंच द्यायचे. याच्यात कसलीच तडजोड करू नका. काम करणारी पोरं आपलीच आहेत.

दुसरं: कुठला माल घ्यायचा, कुठला नाही

सगळ्यात चांगला माल म्हणजे प्रीकास्ट यार्डातला रिजेक्ट. गटारीची चेंबरची झाकणं, जी आयएस १२५९२ (भारतीय मानक) प्रमाणं एसएफआरसीमध्ये, म्हणजे स्टील फायबरच्या काँक्रीटमध्ये बनवतात, त्यातली तुटकी, कोपरा गेलेली झाकणं यार्डात पडून असतात. त्याचं ग्रेड माहिती, फायबर माहिती, तेल नाही, माती नाही. फक्त कडेची लोखंडी फ्रेम आणि आतला बार आधी काढून घ्यावा लागतो.

त्याच्यानंतर गोडाऊनचं फ्लोअर. आणि मग फाउंड्रीचं फ्लोअर, इथं जरा सावध राहायला पाहिजे. फाउंड्रीत फ्लोअरवर वर्षानुवर्षं तेल झिरपलेलं असतंय, मोल्डिंगची काळी वाळू, बेंटोनाइट, कोळशाची पूड, रेझिन, सांडलेल्या लोखंडाचे गोळे, सगळं असतंय. काळे, तेलकट पट्टे आधीच खडूनं मार्क करून ते स्लॅब बाजूला काढायचे आणि ते या ढिगात घ्यायचे नाहीत. मशीनशॉपमध्ये मशीनखालचा भाग तर नकोच, कुलंट आणि तेल मिळून खोलवर गेलेलं असतंय. उरलेलं फ्लोअर झाडून, जमलं तर प्रेशरनं धुऊन मग फोडायचं.

इथं एक हिशोब करून ठेवा, पुढं उपयोगी पडतो. समजा ५०० चौरस मीटरचं शेड आणि १५० मिमी जाडीचं फ्लोअर. म्हणजे ७५ घनमीटर, २४०० किलोनं धरलं तर १८० टन. घनमीटरला ३० किलो स्टील फायबर असेल तर आत २२५० किलो, म्हणजे सव्वादोन टन फायबर आहे. वजनाच्या हिशोबात सव्वा टक्का. त्याच फ्लोअरमध्ये स्टीलच्या ऐवजी ९०० ग्रॅमनं मायक्रो प्लास्टिक असतं तर सगळं मिळून फक्त साडेसदुसष्ट किलो. पण साडेसदुसष्ट किलो म्हणून हलक्यात घेऊ नका, खरा ताप तेच देतात.

तिसरं: तोडणं आणि क्रशिंग

पोकलेनला ब्रेकर लावून फोडायचं. साध्या काँक्रीटपेक्षा वेळ जास्त जातो, कारण तडा गेला तरी तुकडा सुटत नाही, ब्रेकरवाल्याशी रेट ठरवताना हे आधीच बोलून घ्या म्हणजे नंतर वाद नाहीत. तुकडे क्रशरच्या तोंडापेक्षा बरेच लहान करायचे, लांब लोंबणारे तुकडे जॉमध्ये (क्रशरच्या जबड्यात) आडवे बसतात.

क्रशर दोन टप्प्यात लागतो. पहिला जॉ, तो फक्त साइज कमी करतो, फायबर बहुतेक तसंच अडकलेलं राहतं. दुसरा इंपॅक्ट क्रशर, तो आपटून फोडतो, त्यात फायबर मॉर्टरपासून सुटतं. नुसत्या जॉवर काम भागवलं तर खडीच्या प्रत्येक तुकड्याला मिशा राहतात आणि असली खडी काँक्रीटमध्ये एकमेकांत अडकते, माल हलत नाही. खडी क्रशरवाले हा माल घ्यायला लवकर तयार होत नाहीत आणि त्यांचंही बरोबर आहे, फायबर बेल्ट आणि रोलरच्या मधे घुसलं की बेल्ट फाटतो. म्हणून मॅग्नेट असलेलं मोबाइल क्रशर भाड्यानं मिळालं तर तेच बघा. क्रशिंग कुठंही करायचं असलं तरी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, ती आधी घ्या.

धुळीसाठी पाण्याचा फवारा पाहिजेच, सिलिकाची धूळ आहे ती, पण पाणी मोजून. माल चिखल होईपर्यंत भिजवला तर ओली बारीक पूड फायबरला चिकटते आणि मॅग्नेट सगळंच लगदा उचलतो. कामगारांना गॉगल, चांगला मास्क, जाड हातमोजे आणि जाड तळाचे बूट. साध्या चपलेत या ढिगावर कुणालाही चढू देऊ नका, फायबर सरळ तळव्यात घुसतंय. संध्याकाळी गाड्या यायच्या-जायच्या रस्त्यावरनं मॅग्नेटचा झाडू फिरवायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी टेम्पोवाला पंक्चरचं बिल घेऊन येतो.

चौथं: फायबर काढणं

स्टीलसाठी बेल्टच्या वर आडवा लावलेला मॅग्नेट. एक जॉच्या नंतर, एक इंपॅक्टच्या नंतर. बेल्टवरचा थर पातळ ठेवायचा, थर जाड झाला की खालच्या थरातलं फायबर वरच्या खडीखाली दबून तसंच पुढं जातं. घाई करून बेल्ट भरून चालवण्यापेक्षा सावकाश चालवलेला परवडतो.

आपल्याकडं एक वेगळीच गंमत होते, जी बाहेरच्या माहितीत सहसा सापडत नाही. आपली खडी म्हणजे काळा दगड, बेसाल्ट, आणि त्यात मॅग्नेटाइट असतंय. मॅग्नेट पॉवरफुल असेल तर फायबरसोबत काळी दगडाची पूडही थोडी ओढली जाते. मग मॅग्नेटला लागलेला ढीग बघून वाटतं लय फायबर निघालं, आणि वजन केलं की हिशोब भलताच लागतो. म्हणून निघालेला माल आधी चाळणीवर झटकायचा, पूड खाली पाडायची, आणि मग स्वच्छ फायबरचं वजन घ्यायचं. आता वरचा हिशोब काढा, सव्वादोन टन अपेक्षित होतं आणि दीड टनच आलं तर उरलेलं पाऊण टन अजून खडीत आणि पुडीत आहे, परत एकदा इंपॅक्टवर आणि मॅग्नेटखालनं काढायला पाहिजे. फायबरला चिकटलेल्या मॉर्टरचंही वजन त्यात येतं, म्हणून एक घमेलं बाजूला घेऊन हातोडीनं मॉर्टर झाडून ते किती आहे तेही बघा.

चाळताना एक गोष्ट नक्की बघायला मिळेल. ६० मिमीचं फायबर ४.७५ मिमीच्या चाळणीवर अडकेल असं वाटतं, पण चाळणी हलते तसं फायबर उभं राहतं आणि टोकावरनं सरळ खाली जातं. म्हणून बारीक मालात, क्रश सँडच्या साइजमध्ये, फायबर जास्त सापडतं. चाळल्यानंतर बारीक मालावरनं परत एकदा मॅग्नेट फिरवायलाच पाहिजे.

प्लास्टिकचं वेगळं आहे. मॅक्रो फायबर बेल्टच्या टोकाला ब्लोअर लावला की बरंचसं उडून जाळीत जमा होतं. मायक्रो मात्र म्हातारीच्या कापसासारखं उडतं, सगळीकडं चिकटतं. पाण्यात ते तरंगतं, कारण पॉलिप्रॉपिलीनची घनता पाण्यापेक्षा कमी, म्हणून टाकीत खडी धुऊन वरचा तवंग गाळून घेता येतो. पॉलिस्टर पाण्यापेक्षा जड असतं, ते असं तरंगून निघत नाही. पण धुतलेलं पाणी गटारीत सोडायचं नाही. ते पाणी सिमेंटमुळं अल्कली झालेलं असतंय आणि त्यात प्लास्टिकचे धागे असतात, गटार नाल्याला आणि नाला पंचगंगेला मिळतो हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. दोन-तीन टाक्यांतनं गाळ बसवायचा, कापडातनं गाळायचं आणि तेच पाणी परत धुवायला वापरायचं. सगळं धुणं जमत नसेल तर मायक्रोवाली खडी न धुता पीसीसीत (लोखंड नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये) वापरा, खडीला चिकटून राहिलेले थोडे धागे काँक्रीटचं काही बिघडवत नाहीत, फक्त स्लंप (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) थोडा कमी येतो.

काचेच्या फायबरचा माल नवीन चांगल्या काँक्रीटमध्ये नकोच असं माझं स्पष्ट मत आहे. फायबर वेगळं करता येत नाही, आणि काच म्हटलं की सिमेंटच्या अल्कलीशी क्रिया होऊन काँक्रीट फुगायचा, म्हणजे अल्कली-सिलिका रिअॅक्शनचा प्रश्न येतो. तो भरावाला किंवा लीन काँक्रीटला.

पाचवं: टेस्ट

२० मिमी, १० मिमी आणि ४.७५ च्या खालचा, असे तीन ढीग झाले की प्रत्येकाचं सॅम्पल लॅबला द्यायचं. बघायचं काय ते सांगतो. आयएस २३८६ प्रमाणं पाणी शोषणं, म्हणजे वॉटर अॅब्सॉर्प्शन, आपल्या ताज्या काळ्या खडीचं १ टक्क्याच्या आसपास असतं, याचं ३ ते ६ टक्के येऊ शकतं कारण दगडाला जुनं मॉर्टर चिकटलेलं आहे. आयएस ३८३:२०१६ मध्ये ५ टक्क्यांपर्यंत चालतं, त्याच्यावर १० टक्क्यांपर्यंत खडी आधी भिजवून वापरायच्या अटीवर. इम्पॅक्ट व्हॅल्यू (ठोके दिल्यावर खडीचा किती चुरा होतो ते) झिजणाऱ्या पृष्ठभागाला ३० टक्क्यांच्या आत, बाकीच्याला ४५ च्या आत. क्लोराइड आणि सल्फेटही करून घ्या, खास करून फाउंड्रीचा माल असेल तर. आयएस ४५६ मध्ये लोखंड असलेल्या काँक्रीटला घनमीटरमागं क्लोराइड ०.६ किलोच्या वर चालत नाही.

आणि एक टेस्ट आपली आपणच करायची. १० किलो खडी ताडपत्रीवर पसरायची आणि हातातल्या चुंबकानं आणि बोटांनी राहिलेलं फायबर वेचायचं. ३० ग्रॅम निघालं म्हणजे ०.३ टक्के. पेव्हर किंवा उघड्या पृष्ठभागाला वापरणार असाल तर हे जवळपास शून्यच पाहिजे, कारण वर आलेलं फायबर पावसात गंजतं, तांबडे डाग पडतात आणि पायाला टोचतं. जमिनीखालच्या पीसीसीला एवढं राहिलं तरी चालतं.

सहावं: किती टाकायचं आणि पाणी कसं धरायचं

आयएस ३८३ नुसार जुन्या काँक्रीटची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आरसीसीमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि तेही एम२५ ग्रेडपर्यंतच, आणि एम१५ च्या खालच्या लीन काँक्रीटमध्ये १०० टक्के. कोड साध्या जुन्या काँक्रीटचा विचार करून लिहिलाय, फायबरचा उल्लेख त्यात नाही, त्यामुळं मी तरी ही खडी साध्या काँक्रीटलाच सुचवतो, स्लॅब, कॉलम, पाण्याची टाकी याला नाही. ४.७५ च्या खालच्या मालात जुनं सिमेंट सगळ्यात जास्त, पाणी लय पितो, तो लीन काँक्रीटला आणि भरावालाच ठेवा.

आता पाण्याचा हिशोब, इथंच सगळं बिघडतं. समजा मिक्समध्ये घनमीटरला काळी खडी ११५० किलो, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी २.८५. जुनी खडी हलकी, २.४ धरू. बदलताना वजनाला वजन नाही, आकारमानाला आकारमान बदलायचं, नाहीतर घनमीटर फुगतो. ११५० भागिले २८५० म्हणजे ०.४०३ घनमीटर, त्याचा चौथा भाग ०.१०१, गुणिले २४०० म्हणजे साधारण २४२ किलो जुनी खडी आणि ८६२ किलो नवीन. वजनानं बघितलं तर हे २२ टक्के होतं, म्हणजे कसंही मोजा मर्यादेत आहे.

या खडीचं अॅब्सॉर्प्शन ५ टक्के आहे आणि उन्हात पडून तिच्यात ओल फक्त १ टक्का आहे, तर ती आणखी ४ टक्के पाणी पिणार, २४२ किलोला जवळजवळ पावणेदहा लिटर. हे पाणी मिक्समधनं गेलं की मिक्सरमधनं निघताना बरा दिसणारा माल पाव तासात घट्ट होतो, मग गवंडी बादलीभर पाणी मारतो आणि पाणी कधी जास्त झालं ते कुणालाच कळत नाही. म्हणून आदल्या दिवशी ढिगावर पाणी मारून, ताडपत्रीनं झाकून ठेवायचं, सकाळी वरचं पाणी निथळू द्यायचं. खडी आतून ओली, वरनं कोरडी, अशी पाहिजे. पावसाळ्यात उलटं होतं, ढीग आधीच भिजून चिंब असतो, तेव्हा ओल मोजून मिक्सचं पाणी कमी करायचं. स्लंप कमी पडला तर सुपरप्लास्टिसायझर (पाण्याशिवाय काँक्रीट सैल करणारं रसायन) वाढवा, पाणी वाढवू नका.

मिक्सरमध्ये टाकायचा क्रमही बदला. हाँगकाँगमध्ये व्हिवियन टॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेली दोन टप्प्यांची पद्धत आहे, खडी-वाळू आधी कोरडी फिरवायची, मग निम्मं पाणी, मग सिमेंट, आणि शेवटी उरलेलं पाणी टाकून दोनेक मिनिटं फिरवायचं. यानं जुन्या मॉर्टरच्या बारीक भेगांत आधी सिमेंटचा लेप बसतो. जास्तीचा खर्च काहीच नाही, फक्त मिक्सरवाल्याला सवय लावावी लागते.

सातवं: ट्रायल, क्युरिंग आणि वापर

ट्रायलशिवाय थेट साइटवर जायचं नाही. १५० मिमीचे क्यूब, ७ आणि २८ दिवसांचे, आणि शेजारी फक्त नवीन खडीचेही क्यूब भरा म्हणजे तुलना करता येते. एम२० ग्रेडला टार्गेट ताकद २६.६ एमपीए येते, तेवढी २८ दिवसांना मिळाली पाहिजे. कमी पडलं तर आधी जुन्या खडीचं प्रमाण कमी करून बघा, सिमेंट वाढवणं हा शेवटचा उपाय.

या काँक्रीटला सुकताना आकसणं जास्त असतं, म्हणून क्युरिंगला कंजुषी नको. आपल्याकडं बहुतेक पीपीसी सिमेंटच वापरतात, त्याला कमीत कमी १० दिवस, उन्हाळ्यात १४ दिवस गोणपाट ओलं ठेवा. जॉइंट नेहमीपेक्षा जवळ कापा.

वापरायचं कुठं तर फुटिंगखालचं पीसीसी, फ्लोअरखालचा बेस, कंपाउंडचा पाया, गटारीचा तळ, कर्बखालचं बेडिंग. रस्त्याच्या खालच्या थरासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १२१:२०१७ मध्ये राडारोड्याच्या वापराची माहिती आहे. २०१९ आणि २०२१ ला जिथं पुराचं पाणी शेडमध्ये शिरलं तिथं लोखंड असलेल्या कुठल्याच काँक्रीटला ही खडी वापरू नका, हे काँक्रीट पाणी जास्त शोषतं.

निघालेलं स्टील फायबर परत फायबर म्हणून वापरायचा मोह होतो. हूक सरळ झालेले, वाकडे, मॉर्टर चिकटलेले, त्याच्यावर ताकदीचा भरवसा ठेवता येत नाही. भंगारात द्या, आणि द्यायच्या आधी मॉर्टर जेवढं झाडता येईल तेवढं झाडा, कारण फर्नेसमध्ये त्याचा स्लॅग होतो आणि फाउंड्रीवाला त्याचे पैसे कापतो.

कागदाचं पण बघा. बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रोजेक्टमागं ३०० टनांच्या वर राडारोडा निघत असेल तर तो वेगवेगळा करून प्लॅन द्यायची जबाबदारी मालकावर टाकली होती, आणि १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चे नवीन नियम लागू होतात, त्यात २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रोजेक्टना जबाबदारी आणखी वाढलीय. वरच्या शेडचं फ्लोअर दोन दिवसांत फोडलं तर दिवसाला ९० टन होतात, तेव्हा छोटं काम म्हणून सोडून देऊ नका, ढिगाचे फोटो आणि वजनकाट्याच्या पावत्या जपून ठेवा. आणि नवीन फ्लोअर टाकताना फायबरचा प्रकार, लांबी आणि घनमीटरमागचा डोस शेडच्या ड्रॉइंगवर लिहून घ्या, काँट्रॅक्टरकडून सही घेऊन.